वहिनीच्या थेंबातल्या काड्या

३ जानेवारी १९६२, घाटंजी

दिसले! जिवंत दिसले! अक्षर वाकडंतिकडं येऊन राह्यलं, येऊ दे.

मायक्रोस्कोप दवाखान्यात येऊन पडला होता कधीचा, पेटीतच. आज डॉ.नी खिडकीशी मांडला. सकाळी एक कापूस वेचणीवाली बाई आली होती. थंडी वाजून ताप, कमरेत कळ, लघवीला आग. तिची लघवी घेतली, एक थेंब काचेवर. डॉ. डोळा लावून बसले ते बसलेच. मी मागे उभी. शेवटी म्हटलं, साहेब, डोळे मला पण आहेत. हसले, उठले.

आधी काहीच दिसेना, माझ्याच पापण्या. मग एकदम काड्या! बारीक बारीक, आणि हलत होत्या. एक तर सुळकन आडवी निघून गेली. नर्सिंगला असताना पुस्तकातलं चित्र काढून मार्क मिळवले होते. ते चित्र मेलेलं होतं हो.

डॉ. म्हणाले, "सिस्टर, हे परके नाहीत. आपल्याच आतड्यात राहतात, कुणाला त्रास नाही. तिथून चार बोटं पुढे सरकून मूत्राशयात चढले की मग हा ताप."

म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ.

लघवी लघवी लिहून हात दुखतो. यापुढे नुसतं 'ल.' लिहीन. वही माझी, लाज कोणाची?


७ जाने., रविवार

सायकलने गावी. पारावरचे म्हातारे अजून तसेच पाहतात. बाई सायकलवर म्हणजे यांना रोजचा तमाशा. पाहा बाप्पा, पोटभर पाहा.

वहिनीला सहावा लागला. (दादाची बायको सुमन. वयाने माझ्याहून लहान, पण नात्याने वहिनी; इथे नुसतं 'व.') मागच्या खेपेला सातवा सरता सरता ताप भरला, दातखीळ बसावी अशी थंडी वाजली, आणि मूल गेलं. पोरगा होता. तेव्हा मी नागपूरला शिकत होते, कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. माय अजून म्हणते बाहेरचं काही लागलं. दादा म्हणतो, "दीक्षा घेतली न आपण, माय. आता कायचं बाहेरचं?" माय गप्प बसते, पण तिचं मन गप्प बसत नाही. मला दिसते ते.

व. वेचणीला जाऊनच राह्यली. मी सगळ्यांना काड्यांची गोष्ट सांगितली, हातवारे करून. व. हसली. मी विचारलं, वावरात पाणी किती पितेस?

"कोण पेते वं पाणी! पाणी पेलं का जा लागते. जाऊ कुठी? इकडून मुकादम, तिकडून गडीमाणसं. कापसाची पऱ्हाटी कमरेएवढी."

"मग जातेस कधी?"

"उजाडायच्या आत. मंग अंधार पडल्यावर. समद्याच तश्याच जाते, मी काय येगळी हाव?"

सगळ्याच! दिवसभर धरून ठेवतात. मला हे काय माहीत नव्हतं? मी याच गावची पोरगी, मायसोबत वेचणी केलेली. दवाखान्यात मोरी आहे, म्हणून विसरले का काय कोण जाणे.


२१ जाने.

डॉ.ना नागपूरच्या मित्राने एक परदेशी मासिक दिलं. दुपारभर वाचत होते. मला बोलावून सांगितलं की पोटुशी बाईच्या ल.त हे जंतू काही त्रास न देता राहू शकतात. आग नाही, ताप नाही, बाई आपली कामात. मूल वाढतं तशी मूत्रपिंडाकडून येणारी नळी सैल पडते, वाट तुंबते, आणि एखाद्या दिवशी हे वर चढतात. मग थंडी, ताप. आणि कधी कधी मूल वेळेआधीच...

मी स्टुलावर बसलेच.

थंडी. ताप. सातवा महिना.

डॉ.ना व.ची सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "असेलच असं नाही. पण पाहायला हवं." आणि लगेच उठून येरझाऱ्या. "एकट्या वहिनींचंच कशाला? सगळ्या गर्भार बायांचं पाहू! यंत्र आहे, आपण आहोत, अडलंय कुठं?" त्यांचं असंच आहे, पेटले की पेटले. मी तरी काय वेगळी! दोघे मिळून सकिनाबीला (आमची आया) कामाला लावलं. आजूबाजूच्या गावात निरोप फिरवायचा, पोटुशा बायांनी बाजाराच्या दिवशी बाटलीत ल. घेऊन यावी.

सकिनाबी कपाळाला हात लावून म्हणाली, "या अल्ला! बाजार में लोग भाजी लाते, ये लोग ये मंगाते!"


१० फेब्रु., बाजार

अबब! काय दिवस!

बाटल्याच बाटल्या. खोबरेल तेलाची, खोकल्याच्या औषधाची, एक तर साफ दारूची होती, नुसती धुतलेली. बाया पदराआडून देत आणि पळत. एकीने मोठी बाटली गच्च भरून आणली. म्हटलं एवढी कशाला? तर म्हणे, "घरच्या समद्यायची हाये जी. सासूची, जावेची, माही. येकडावच पाहून टाका." डॉ. खोलीत जाऊन हसून आले.

दादा आला बाजाराला. पिशवीत कांद्याखाली व.ची बाटली. "कोनाले सांगजो नको," म्हणाला आणि कान लाल.

दुपारभर पाहिलं. आणि काय सांगू! प्रत्येकीत काड्या. प्रत्येकीत! काचेवर मुंग्यांचं वारूळ फुटावं तसं. व.च्या बाटलीत तर खच्चून. डॉ. म्हणाले, "सिस्टर, हा साधा शोध नाही. अख्खा तालुका आजारी आहे आणि कुणाला पत्ता नाही!" सगळ्यांना सल्फाच्या गोळ्या सुरू करायच्या. व.चं मूल वाचणार! कारण सापडलं, औषध हातात आहे, अजून काय पाहिजे?

जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.


१७ फेब्रु., बाजार

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. ही म्हण आजपासून मी आणि डॉ. दोघांत वाटून घेतली.

झालं असं. मी सकाळी म्हटलं, चांगली ल. कशी दिसते तेही बायांना दाखवू, म्हणून माझीच बाटलीत धरून खिडकीत ठेवली. मी ठणठणीत. सकाळी डॉ.नी तीच पाहिली होती, स्वच्छ, नितळ. दुपारी एका बाईला दाखवायला थेंब घेतला, बघते तर वळवळ! काड्याच काड्या.

मी ओरडले, साहेब, मला पण झालं!

डॉ.नी पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. ऊन तिथूनच येत होतं. बाटली हाताला कोमट. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला काही झालं नाही. बाटलीला झालंय."

बाया बाटली भरतात उजाडायच्या आत, कारण त्या जातातच तेव्हा. मग पिशवीत, गाडीत, उन्हात, बाजारात. बाटलीच्या तोंडाशी चार काड्या असल्या तरी दुपारपर्यंत त्यांचं गोकुळ होतं. गरम, ओलं, खायला भरपूर. आम्ही अख्खा तालुका आजारी करून ठेवला आणि आजारी होत्या बाटल्या!

डॉ. हसायला लागले, मग मी, मग सकिनाबी, तिला कारण माहीत नसताना. डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसलो. मग डॉ.नी स्वतः फाटकाशी उभं राहून बायांना सांगितलं, गोळ्या बंद करा, चूक आमची. एक म्हणाली, "मले तं गोळ्यानं ओकाऱ्याच आल्या जी." दुसरी म्हणाली, "मंग आमी बऱ्या हाव का नाई?" डॉ. म्हणाले, "माहीत नाही. इथं येऊन ताजी द्या, मग सांगतो."

हसणं ओसरलं. मग व.चं काय? तिच्या बाटलीतल्याही खोट्या? सातवा चालू आहे. खरं कळल्याशिवाय मला चैन पडायची नाही. ती दवाखान्यात येऊन ताजी देणार नाही, मेली तरी नाही.

तर मग यंत्र तिच्याकडे जाईल!

डॉ. म्हणाले, "पेटी मोडली तर?" म्हटलं, माझी मान मोडेल, पेटी नाही.


१८ फेब्रु., रविवार, गाव

अंगणातच लिहून राह्यले, उजेड आहे तोवर.

पेटी पाठीला बांधून आणली, लेकरू बांधतात तशी. सगळी वाट हळू, खड्डा आला की उतरून. माय दारात, "हे काय आनलं वं?" म्हटलं, तुझी नात पाहायचं यंत्र. दादा हसला. माय हसली नाही.

वाटी उकळली. व.ला घराआड नेऊन समजावलं, आधी धुवायचं, पहिली धार सोडायची, मधली वाटीत धरायची. ती लाजून लाजून अर्धी झाली. "बाई, तुमाले काही लाजच नाई राह्यली." नाही राहिली, बरोबर आहे. लाजेने मूल जगत असतं तर मागचं जगलं असतं. हे मनात आलं, बोलले नाही. बरं झालं.

कडुनिंबाखाली पाट, पाटावर यंत्र. थेंब ताजा, अजून कोमट. काचेवर घेतला, आरसा उजेडाकडे फिरवला.

काड्या आहेत. ताज्या थेंबात! बाटलीच्या नाहीत, व.च्याच.

आणि दुसरंही काही. गोल गोल मोठ्या पेशी, खूप. म्हणजे पू. दुसरा थेंब वाळवला, निळा रंग टाकला, धुतला, पाहिला. अरे बाप्पा! एका गोल पेशीच्या पोटात काड्या! एकीच्या दोन, एकीच्या चार. गिळल्या आहेत! व.च्या रक्तातले शिपाई तिथे जाऊन काड्या गिळून राह्यले, आणि व. इथे चूल फुंकून राह्यली. तिला ना आग, ना ताप. कंबर दुखते म्हणाली, पण वेचणी करणाऱ्या कोणत्या बाईची दुखत नाही?

बाजारातल्या बाटल्यांत काड्या रग्गड होत्या, पण या पेशी नव्हत्या. माझ्याही बाटलीत नव्हत्या. आता कळलं! बाटलीत नुसती वाढ, अंगात झगडा. बाटली कशाला लढेल? ज्याला वाचायचं आहे तेच लढतं.

मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या बाया धावत आल्या. सगळ्यांना दाखवलं. मायने सगळ्यात उशिरा डोळा लावला. म्हटलं, माय, काय दिसलं?

"हेच व्हते का तवा बी?"

"असतील."

पुन्हा डोळा लावून पाहिलं तिने. मग म्हणाली, "हे तं दिसते. दिसते त्याले कायले भ्या लागते?"

माय माझी! तिच्या गळ्यातच पडले मी. निळी काच जपून कागदात गुंडाळली, डॉ.ना दाखवायला.


२० फेब्रु.

डॉ.नी काच पाहिली. "शंका नाही." सल्फा पुन्हा सुरू, फक्त व.ला. सोबत सोड्याचं औषध. पण सांगून ठेवलं, गोळीसोबत भरपूर पाणी पाहिजे, तांब्यावर तांब्या, नाहीतर गोळीचेच खडे होतात मूत्रपिंडात. आणि पाणी जास्त गेलं की धारेने काड्याही वाहून जातात. ल. धरून ठेवणं म्हणजे काड्यांना घर भाड्याने देणं.

साधी गोष्ट. पाणी प्यायचं. यात काय कठीण?


२५ फेब्रु., रविवार

कठीण! भल्लं कठीण! डोकं फिरलं माझं.

गेले तर व. गोळ्या घेते, पाणी घेत नाही. गोळी एका घोटाने. मी तांब्या तिच्यासमोर आदळला. नको ते बोलले, "मागचं गेलं तसं हेही घालवायचं आहे का?" माय म्हणाली, "शके!" पण तोवर बोलून झालं होतं.

व. रडली नाही. पहिल्यांदाच माझ्याशी चढ्या आवाजात बोलली. "तुमच्या दवाखान्यात मोरी हाये बाई. मले दाखवा, मी कुठी जाऊ? आता पऱ्हाटी उपटून राह्यले, वावर मोकळं, माणूस बसला तं कोसावरून दिसते. घरी मामाजी (आमचे बाबा) अंगनात, रस्त्यानं पोट्टे. तुमी सांगता पानी पे, पानी पे. पानी पेनं सोपं हाये. मंग?"

मंग?

काचेतलं सगळं दिसलं मला, पण काचेबाहेरचं? परत येताना सायकल हातात धरून चालत आले बराच वेळ. तिचीच गोष्ट खरी. काड्या चढतात त्या लाजेच्या शिडीवरून, आणि ती शिडी काही व.ने उभी केली नाही.

सातवा सरत आला. ताप नाही अजून. अजून.


४ मार्च, रविवार

दादा! माझा दादा!

गेले तर घरामागे पऱ्हाट्यांचा ढीग. (पऱ्हाट्या म्हणजे कापसाची वाळकी झाडं. सगळ्यांच्या वावरात उपटून पडली आहेत, चुलीला जातात.) दादा त्या उभ्या करून बांधून राह्यला. चारी बाजूंनी आडोसा, पुरुषभर उंच, दाराला गोणपाट, आत खड्डा, बाजूला राख. मी विचारलं हे कोणी सांगितलं? म्हणाला, "सुमननं. म्हने पानी पेतो, पन आधी हे बांधून दे."

व.ने! स्वतःच्या तोंडाने!

बाबा रागात होते. "घराच्या भिंतीले लावून हे असं? आजवर कोनाच्या घरी हाय?" दादा मान खाली घालून बांधतच राहिला. माय मधे पडली, "मंग ते पोट्टं गेलं तवा कोनाच्या घरी गेलं व्हतं? आपल्याच न?" बाबा खाटेवर जाऊन बसले, पाठ करून.

संध्याकाळपर्यंत झालं. व.ने माझ्यासमोर तांब्याभर पाणी प्यायलं, घटाघटा, मग अजून अर्धा. मी टाळ्या वाजवल्या. वस्तीतल्या बाया पाहायला आल्या, खिदळल्या, "राजवाडा झाला वं सुमनचा!" आणि निघताना एकीने हळूच विचारलं, "मी येऊ का वं सकायी?" व. म्हणाली, "या न, पन राख टाकजा."


११ मार्च, रविवार

स्वच्छ!!

यंत्र पुन्हा पाठीवर नेलं. वाटी, मधली धार, ताजा थेंब. इकडून तिकडे काच सरकवली, पुन्हा पुन्हा, डोळा दुखेपर्यंत. एक काडी नाही. पेशी एखादी दुसरी. मी उठून नाचलेच अंगणात. माय म्हणे बह्याड झाली पोरगी.

आणि आठवा लागला. सातवा ओलांडला! ताप नाही, थंडी नाही, पोटात लाथा. माझा हात धरून व.ने पोटावर ठेवला. जोरात बसली एक. म्हटलं, हा आत्ताच्या तुझ्यावर गेला, धरून ठेवणाऱ्यातला नाही.

दादाने गुळाचा खडा वाटला सगळ्यांना. बाबांनीही घेतला, पाठ करूनच.


१ एप्रिल

दवाखान्याच्या मागे आता मोरीशेजारी तट्ट्याची वेगळी जागा केली आहे, बाया तिथेच ताजी देतात. बाटली बंद! सगळ्यांच्यात काही काड्या नाहीत, बहुतेकींत नाहीच. पण एखादीत निघतात, पेशींसकट, आणि ती बाई म्हणते मला तर काहीच होत नाही. डॉ. दर वेळी तेवढेच खूश होतात. मग म्हणतात, "खूश काय होतोय मी, बाई आजारी आहे." मी म्हणते, साहेब, सापडली म्हणून खूश व्हा.

माझा आवडता उद्योग म्हणजे निळा रंग टाकून पोटात काड्या असलेली पेशी शोधणे. सापडली की सकिनाबीला हाक. ती पाहते आणि म्हणते, "खा, बेटा, खा."


२२ एप्रिल, रविवार

परत आल्या.

व.च्या ताज्या थेंबात. काड्या, पेशी, सगळं तसंच. मी तीन थेंब पाहिले. वाटी पुन्हा उकळून पुन्हा घेतली. आहेत.

व. म्हणाली, "मी पानी पेतो बाई, खरंच पेतो." माहीत आहे ग. आता सगळी वस्ती पिते तुझ्यामुळे. मग आल्या कुठून?


२३ एप्रिल

डॉ.शी दुपारभर वाद. वाद म्हणजे मी विचारते आणि ते "माहीत नाही" म्हणतात.

या त्याच का नव्या? त्याच असतील तर सल्फातून वाचून कुठे दडल्या होत्या? नव्या असतील तर पुन्हा आतड्यातूनच? आणि माझा मोठा प्रश्न, धार एवढ्या जोराने जाते, दिवसातून इतक्या वेळा, तर काड्या वाहून का जात नाहीत? नदीला पूर आला की काठावरचा कचरा जातो, पण ज्याने मूळ धरलं ते झुडूप राहते. यांनीही आत काही धरलं असेल. पण कशाने? यांना ना हात, ना मुळं. मी कितीदा पाहिलं, नुसत्या गुळगुळीत काड्या.

डॉ. बराच वेळ पेन्सिल चावत बसले. "आपल्या यंत्राला दिसत नसेल, म्हणजे नाहीच असं थोडंच? सिस्टर, हा प्रश्न कुणीतरी सोडवेल. चांगला प्रश्न आहे." अंगावर मूठभर मांस चढलं. लगेच उतरलंही. प्रश्न चांगला आहे, पण व. नवव्यात आहे.

औषध? डॉ. म्हणाले, आता सल्फा नाही. बाळंतपण जवळ असताना दिली तर बाळाला जबर कावीळ होऊ शकते. दुसरं काही इथे मिळत नाही, आणि मिळेल ते या दिवसांत द्यायची त्यांची हिंमत नाही. मग? "पाणी. सारखं मोकळं होणं. ताप आला तर धावत इकडे. आणि बाळंतपण घरी नको, इथेच करू."

म्हणजे आता नुसतं पाणी आणि तिचे ते शिपाई. लढा रे बाबांनो.


२९ एप्रिल, रविवार

व.ला सगळं खरं सांगितलं. परत आल्यात, औषध देता येत नाही. माय म्हणत होती सांगू नको, भिईल. पण मी लपवलं तर ती पाणी का पिईल?

व.ने ऐकून घेतलं. म्हणाली, "मंग आता माह्याच हाती हाये म्हना."

"हो."

"बरं हाये. मांगच्या टायमाले तं माह्या हाती काहीच नोतं."

बाबांना दवाखान्याचं पटलं नाही. गाडी हाकलीन म्हणाले, पण बोलणार नाही. ठीक आहे, बैल बोलत नाहीत तरी नेतात.


१२ मे, घाटंजी, दुपार

कळा! पहाटेपासून! पूर्ण दिवसांच्या!

रात्री मी गावीच होते, म्हणून सापडले. अंग चाचपलं, ताप नाही. देवा, ताप नाही. (सवय जात नाही 'देवा' म्हणायची.) ऊन चढायच्या आत निघालो. गाडीत व., माय आणि मी, दादा बाजूने चालत, बाबा हाकत. तोंडातून शब्द नाही, त्यांच्याही आणि सुनेच्याही. लग्न होऊन आली तेव्हापासून व. बाबांसमोर मोठ्याने बोलली नाही, पदर कपाळाखाली.

अर्ध्या वाटेत, घाटंजीच्या रस्त्यावर, एक कळ येऊन गेली आणि व. उठून बसली. माय म्हणाली, काय झालं? व.ने मायकडे पाहिलं नाही. सरळ बाबांच्या पाठीला म्हणाली, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मामाजी, गाडी थांबवा. मले लघवीले जा लागते."

मायचा हात तोंडावर. दादा जागच्या जागी. मला वाटलं बाबा आता...

बाबांनी कासरा ओढला. बैल उभे. खाली उतरले, आमच्याकडे न पाहता तुतारी (बैलाला टोचायची काठी) हातात घेतली, आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन पाठ करून उभे राहिले. मी आणि मायने लुगडं धरलं बाभळीशी. तेवढ्यात समोरून एक सायकलवाला.

बाबा म्हणाले, "थांबा बाप्पा जरा."

"काहून?"

"माही सून हाये. थांबा म्हनलं न."

तो थांबला. मागून एक बैलगाडी आली, तीही थांबली. उन्हात सगळा रस्ता उभा, आणि व. निवांत. घाई केली नाही तिने जराही. मी लुगडं धरून रडत होते, हसत होते, मलाच कळेना.

मग परत गाडीत चढली, घाम पुसला, तांब्या मागितला आणि प्यायली. बाबा चढले. "बसले का समदे?" एवढंच. पण विचारलं सुनेला.

आता दवाखान्यात. कळा जवळ जवळ येऊन राह्यल्या. ठोके ऐकले बाळाचे, चालू आहेत, जोरात. काड्यांचं काय झालं, आहेत का गेल्या, वर चढल्या का, देव जाणे. ताजा थेंब घ्यायचा साफ विसरले मी! रस्त्यावर एवढी संधी होती, आणि हातात लुगडं. डॉ. हात धुऊन तयार आहेत, सकिनाबी हाक मारून राह्यली. जाते.